मी रेषेकडे, हे गटाराकडे

आमच्या घरात गाडी मी चालवते. ह्यांची रेल्वेत छत्तीस वर्षं गेली, त्यातली शेवटची अठरा मोटरमन म्हणून. कर्जत-कसाऱ्यापर्यंत हजारो माणसं नेली-आणली, पण रस्त्यावरच्या गाडीचं स्टिअरिंग कधी हातात धरलं नाही. "खाली रूळ नाहीत ती गाडी कसली?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी चव्वेचाळीसाव्या वर्षी मुलुंडमध्ये शिकले. आता सत्तावन्न. तेरा वर्षांत वॅगनआर घेऊन गणपतीला सावंतवाडीपर्यंत जाऊन आलेय, त्यामुळे मला जरा गर्व होता. मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिकाने तो पहिल्या अर्ध्या तासात उतरवला.

मुलगी ह्यूस्टनला असते. तिच्याकडे जानेवारीत जायचं ठरलं तेव्हा तीच म्हणाली, "आई, इथून कोस्टा रिकाला चार तासांचं विमान आहे. अमेरिकेचा मल्टिपल एन्ट्री व्हिसा असला की तिथे वेगळा व्हिसा लागत नाही. ज्वालामुखी बघा, समुद्र बघा, या." तिला आणि जावयाला रजा नव्हती. आमच्याबरोबर माझी धाकटी नणंद होती. बँकेतून व्हीआरएस घेतल्यापासून वन्सं आमच्या प्रत्येक प्रवासात असतात आणि त्यांना दर दीड तासाने उतरावं लागतं. तिथे शटल बस मिळतात, पण शटलवाला तुमच्या नणंदेसाठी थांबत नाही. म्हणून गाडी भाड्याने घ्यायची आणि मी चालवायची, असं ठरलं. फेब्रुवारी निवडला, कारण डिसेंबर ते एप्रिल तिकडे कोरडे दिवस. मे ते नोव्हेंबर पाऊस, आणि डोंगरातले कच्चे रस्ते तेव्हा काय होत असतील ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको.

तयारीतलं सगळ्यात सोपं काम म्हणजे इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट. ऑनलाइन अर्ज, डॉक्टरचं सर्टिफिकेट, हजार रुपये फी, वडाळ्याच्या आरटीओत एक फेरी. परमिट वर्षभर चालतं. तिथे ते कुणी उघडूनसुद्धा पाहिलं नाही. आपल्या स्मार्टकार्ड लायसनवर सगळं इंग्रजीत असतं, पर्यटकाला तेवढं पुरतं. तरी घ्याच म्हणेन. अपघात झाला तर हातात कागद जास्त असलेला बरा.

अवघड निघालं ते क्रेडिट कार्ड. गाडी देणारे डिपॉझिट म्हणून कार्डावर रक्कम ब्लॉक करतात आणि ते कार्ड गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचं लागतं. आमच्याकडे मोठ्या लिमिटचं कार्ड ह्यांच्या नावाचं, माझं त्यावरचं ॲड-ऑन. त्यावर माझं नाव छापलेलं आहे म्हणून निभावलं. पण आपल्याकडे २०२० पासून परदेशातले व्यवहार कार्डावर मुळात बंद असतात, ते आपण सुरू करायचे असतात. ह्यांनी त्यांच्या कार्डाचे केले, माझ्या कार्डाचे राहिले. राजधानी सान होसेच्या विमानतळाबाहेर, काउंटरवर, दोनदा कार्ड नाकारलं गेल्यावर हे आमच्या लक्षात आलं. मग ॲप उघडलं. ॲपने ओटीपी पाठवला तो ह्यांच्या भारतातल्या नंबरवर, आणि ते सिम वन्संच्या पर्समध्ये, सुपारीच्या डबीत, टिश्यूत गुंडाळलेलं. काउंटरवरचा पोरगा हसून म्हणाला, "पुरा विदा." हे दोन शब्द तिथे 'नमस्कार', 'ठीक आहे', 'काळजी नको' आणि 'मी काही करू शकत नाही' या सगळ्याला चालतात. त्या क्षणी चौथा अर्थ होता.

आता भाड्याचं सांगते, कारण इथेच बहुतेकांचा रक्तदाब वाढतो. इंटरनेटवर दिसतो तो दिवसाचा दर बघून हुरळून जाऊ नका. त्या देशात थर्ड पार्टी विमा कायद्याने घ्यावाच लागतो आणि तो बहुतेक वेळा त्या दरात धरलेला नसतो. तुमचं क्रेडिट कार्ड गाडीच्या नुकसानीचा विमा देत असेल, तरी समोरच्याच्या नुकसानीचा देत नाही. आम्हाला दिवसाला चौदा डॉलर दाखवलेली गाडी काउंटरवर चौपन्न डॉलरला पडली आणि वर पंधराशे डॉलरचं डिपॉझिट ब्लॉक झालं. कंपनीने फसवलं असं म्हणणार नाही. बारीक अक्षरात लिहिलं होतं. बारीक अक्षर वाचायला तीस वर्षं बँकेत घालवलेली बाई आमच्यात होती, पण तिला कुणी विचारलं नव्हतं. हे वन्संनी पुढचे नऊ दिवस ऐकवलं.

पण वन्संनी एक काम असं केलं की त्याचे पैसे वसूल झाले. गाडी ताब्यात घेताना त्यांनी फोनवर व्हिडिओ काढला. चारी बाजू, चारी चाकं, छत, काचेचे कोपरे, डिकी, स्टेपनी, आणि शेवटी वाकून गाडीच्या पोटाखालून. कंपनीचा माणूस फॉर्मवर गाडीचं चित्र काढून तीन ओरखड्यांवर फुल्या मारत होता. वन्संनी मोजून अकरा फुल्या मारायला लावल्या.

रात्र विमानतळाजवळच्या आलाहुएला गावात काढली. फेब्रुवारीत तिथे पावणेसहाला सूर्य मावळतो आणि सहा-सव्वासहाला काळोख. रस्त्यांवर दिवे कमी, कडेला खोल उघडी गटारं, आणि अंधारातून चालत येणारी माणसं. पहिल्याच रात्री नियम केला, पाचनंतर गाडी चालवायची नाही. मुंबईत जिथे पाचनंतर खरी गाडी चालवायला लागते, तिथून आलेल्या बाईला हे जड गेलं.

सकाळी निघालो. तिथे वाहतूक रस्त्याच्या उजवीकडून, स्टिअरिंग डावीकडे. बाजू उलटी आहे हे डोक्याला माहीत असतं. ते हातांना माहीत नसतं. आपल्या वॅगनआरमध्ये इंडिकेटरची कांडी उजव्या हाताला, वायपरची डाव्या. तिकडच्या गाडीत बरोबर उलटं. त्यामुळे मी प्रत्येक वळणाला कोरड्या काचेवर वायपर फिरवत होते. मागच्या गाडीवाल्यांना वाटलं असेल, या बाईला वळायचं आलं की पाऊस लागतो. गाडी ऑटोमॅटिक होती, तरी डावा हात गिअर शोधायला जाऊन दारावर आपटायचा. दुपारपर्यंत बोटांच्या पेरांवर वळ उठले. चौकातल्या गोलाला आपण घड्याळाच्या काट्याप्रमाणे वळसा घालतो, देवळात घालतो तसा. तिथे उलटा. वन्सं मागून म्हणाल्या, "वहिनी, ही उलटी प्रदक्षिणा आहे, पुण्य कापलं जातंय."

उपाय सापडला तो ह्यांच्यामुळे. पहिल्या पेट्रोल पंपावर हे म्हणाले, "डावं-उजवं विसर. मुंबईत तू मधल्या रेषेकडे बसतेस आणि मी गटाराकडे. इथेसुद्धा तू रेषेकडेच बस आणि मला गटाराकडे ठेव. बाकी काही लक्षात ठेवू नकोस." एवढंच. वळण घेऊन नव्या रस्त्याला लागले की मी मोठ्याने म्हणायची, "मी रेषेकडे, हे गटाराकडे." तिसऱ्या दिवशी म्हणावं लागलं नाही. वायपर मात्र शेवटपर्यंत फिरला.

दुसरी गोष्ट ह्यांनी रेल्वेतून आणली. लोकलमध्ये गार्डाकडून मोटरमनला बेल येते. दोन ठोके म्हणजे निघा, एक ठोका म्हणजे थांबा. ह्यांनी डॅशबोर्डवर बोटाच्या पेराने तीच पद्धत सुरू केली. त्यांच्या बाजूचं मला दिसत नव्हतं. चढावरच्या चौकात त्यांनी बघायचं आणि टकटक करायचं. एरवी बाजूला बसलेला नवरा "जा जा, थांब थांब, अगं जा ना" करतो तेव्हा बायकोचं काय होतं ते गाडी चालवणाऱ्या बायका जाणतात. ठोक्यांमध्ये आवाज चढत नाही. चौतीसाव्या वर्षी आमच्या संसारात ही सुधारणा झाली.

ज्वालामुखीजवळच्या ला फोर्तुना गावापर्यंत अंतर सव्वाशे किलोमीटर, वेळ साडेतीन तास. कोस्टा रिकात किलोमीटर विचारू नये. डोंगर, दुपदरी रस्ता, उसाचे ट्रक, आणि एकपदरी पूल. या पुलांवर ज्या बाजूला 'सेदा' असा त्रिकोणी फलक असेल, त्या बाजूच्याने थांबायचं, समोरच्याला येऊ द्यायचं. हे पाहून ह्यांचा चेहरा उजळला. "सिंगल लाइन! टोकन असल्याशिवाय ब्लॉक सेक्शनमध्ये शिरायचं नाही." म्हणजे एकेरी रुळावर परवान्याशिवाय पुढे जायचं नाही. पहिल्या पुलावर मी आपली सवयीने नाक घातलं, कारण मुलुंडमध्ये थांबलात तर रात्र होते. समोरून दुधाचा टँकर आला होता. तो हॉर्न न वाजवता, पुलाच्या मध्यावर, नुसता उभा राहिला. मी साठ फूट रिव्हर्स घेतला. टँकरवाल्याने जाताना हात वर करून आभार मानले, त्याची मला शिवीपेक्षा जास्त लाज वाटली.

पेट्रोलचा एक आनंद सांगते. देशभर सगळ्या पंपांवर एकच दर, सरकार ठरवतं. स्वस्तातला पंप शोधायची खटपट नाही. पंपावर माणूस येऊन भरतो, आपल्यासारखंच. 'लेनो' म्हटलं की टाकी फुल्ल.

ला फोर्तुना हे आरेनाल ज्वालामुखीच्या पायथ्याचं गाव. आम्ही पोहोचलो तेव्हा हॉटेलच्या बाईने गॅलरीत नेऊन बोट दाखवलं आणि म्हणाली, ज्वालामुखी. तिथे ढग होता. दुसऱ्या दिवशीही ढग. वन्संना शंका यायला लागली की हे कोजागिरीच्या चंद्रासारखं आहे, असतो म्हणायचं आणि दूध प्यायचं. तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला ह्यांनी गॅलरीच्या कठड्यावर दोन ठोके दिले. उठून बाहेर आले तर समोर सगळं आभाळ त्याने भरलेलं. लहान मुलाने काढावा तसा डोंगर, दोन सरळ रेषा आणि वर चपटं टोक. उंचीला आपल्या कळसूबाईएवढाच, पण कळसूबाई रांगेत उभी असते, हा एकटा. सात मिनिटं दिसला. चहा होईपर्यंत गेला.

१९६८ पर्यंत इथल्या लोकांना हा ज्वालामुखी आहे हेच माहीत नव्हतं. कित्येक शतकं गप्प, अंगावर झाडी. लोक त्याला साधा डोंगर म्हणत आणि उतारावर गुरं चारत. २९ जुलै १९६८ ला सकाळी तो पश्चिमेच्या अंगाने फुटला. ताबाकोन आणि पुएब्लो नुएव्हो ही गावं गेली, ८७ माणसं मेली. ला फोर्तुना पूर्वेला, म्हणून राहिलं. त्यानंतर बेचाळीस वर्षं, २०१० पर्यंत, तो धुमसत होता. रात्री हॉटेलांच्या गॅलरीतून लाल दगड घरंगळताना दिसत, त्यावर गावाचा धंदा उभा राहिला. आता लाल काही दिसत नाही. धंदा गरम पाण्याच्या कुंडांवर आणि पायवाटांवर चालतो.

नॅशनल पार्कमध्ये एक वाट १९९२ च्या लाव्हावरून जाते. शेवटचा टप्पा म्हणजे काळ्या दगडांची रास, धारदार, भोकं पडलेले, कडेकडेने ऑर्किड आणि बांबूसारखं गवत उगवलेलं. मी एकावर हात ठेवला. खरखरीत, उन्हाने तापलेला. मुंबईतली माणसं काळ्या दगडावरच राहतात. अंधेरीची गिल्बर्ट हिल म्हणजे लाव्हाचेच खांब, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. आपले किल्ले, आपली लेणी, आपला पाटा-वरवंटा सगळं त्याच दगडाचं. पण तो दगड आपल्याला म्हातारा म्हणूनच भेटतो. हा माझ्या हाताखालचा आमच्या लग्नापेक्षा एक वर्षाने लहान होता. मी हे ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मग अजून टोचणारच."

रिओ सेलेस्तेला मी थोडक्यात आटोपते, कारण फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात. तेनोरिओ ज्वालामुखीच्या जंगलात दोन स्वच्छ झरे एकत्र येतात आणि तिथून पुढे नदी निळी, अगदी शाळेच्या भिंतीला देतात तसली निळी. पाण्यातल्या बारीक खनिज कणांवरून प्रकाश विखुरतो म्हणून तशी दिसते. बाटलीत भरलं तर पाणी साधं असतं. धबधब्याकडे उतरायला अडीचशेच्या आसपास पायऱ्या आहेत. उतरायला आहेत म्हणजे चढायलाही आहेत.

खाण्याचं मात्र थोडक्यात नाही. छोट्या खाणावळीला तिथे 'सोदा' म्हणतात. सकाळी 'गायो पिंतो', म्हणजे कालचा भात आणि काळा घेवडा, कांदा-मिरची-कोथिंबीर घालून परतलेला. फोडणीचा भातच, फक्त हळद नाही. दुपारी 'कासादो', भात, उसळ, कोबीची कोशिंबीर, तळलेलं पिकलं केळं. कासादो म्हणजे 'लग्न झालेला'. ताटात सगळं एकत्र नांदतं म्हणून असेल. वन्सं शाकाहारी. उसळीत डुकराची चरबी असू शकते, म्हणून 'सिन मान्तेका' हे शब्द मी आधीच पाठ करून गेले होते. तुम्हीही करा. एका सोदात मालकीणबाईंनी कॉफी केली ती बघण्यासारखी. लाकडी घोडीला कापडाची पिशवी अडकवलेली, त्यात कॉफीची पूड, वरून उकळतं पाणी, खाली कप. माझ्या आजीचं चहा गाळायचं फडकं तसंच होतं, तपकिरी पडलेलं. आणि साखरेच्या जागी त्यांनी पुढे केला गुळाचा खडा. 'तापा दे दुल्से'. उसाचाच, साच्यात ओतलेला, आपल्या ढेपेची धाकटी बहीण. वन्संनी तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "कोल्हापूरचा नव्हे, पण कराडपर्यंत येतो." अर्धा किलो विकत घेतला.

आरेनालहून मोन्तेवेर्दे. सरळ रेषेत पंचवीसेक किलोमीटर, रस्त्याने चार तास, कारण मध्ये तळं आहे. १९७९ मध्ये धरणाने ते वाढवलं, जुनं आरेनाल गाव पाण्याखाली गेलं, नवं गाव वर वसवलं. कोयनेच्या लोकांना ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही. तळ्याकाठच्या रस्त्यावर शेपट्या उभ्या करून 'पिझोते' नावाचे प्राणी भीक मागत फिरतात, मुंगसाच्या चुलतघराण्यातले वाटतात. त्यांना काही द्यायचं नसतं. वन्संचा हात पिशवीकडे गेला होता, ह्यांनी एक ठोका दिला.

तिलारान गावानंतर बराच रस्ता कच्चा, खडी आणि धूळ. इथे माझा गर्व थोडा परत आला. खड्ड्यातून गाडी कशी काढायची हे ज्याने घोडबंदर रोडवर जुलै काढलाय त्याला कोण शिकवणार? समोरून येणारे अमेरिकन मोठमोठ्या गाड्यांत दातओठ खाऊन बसलेले, आणि मी एका हाताने चिवडा खात. पण खडी ती खडी. मोन्तेवेर्देतल्या सान्ता एलेना गावात दुसऱ्या दिवशी सकाळी मागचं चाक बसलेलं. पंक्चर भाडेकरूच्याच गळ्यात, विम्यात येत नाही.

पंक्चरवाल्याचा पत्ता विचारला तर हॉटेलवाला म्हणाला, चर्चपासून दोनशे मीटर पश्चिमेला, पन्नास उत्तरेला. शंभर मीटर म्हणजे एक गल्ली, पट्टीने मोजायचं नाही. त्या देशात रस्त्यांची नावं आणि घरांचे नंबर कुणी वापरत नाही. राजधानीत तर एका उंबराच्या जातीच्या झाडापासून पत्ते सांगतात, जे झाड कधीच पडून गेलंय. वन्संना हे हास्यास्पद वाटलं. मी म्हटलं, आपण अजून रिक्षावाल्याला 'कंपनीच्या गेटसमोर' सांगतो ना? कंपनी पाडून तिथे टॉवर झाला त्याला किती वर्षं झाली?

पंक्चरवाल्याकडे पोहोचले आणि अगदी एलबीएस रोडला आल्यासारखं वाटलं. तोच लोखंडी टब, तेच काळं पाणी. पोरगा चाक फिरवत पाण्यात बुडवत होता, आम्ही तिघं वाकून बुडबुड्याची वाट बघत होतो. बुडबुडे आले, त्याने अंगठ्याने जागा दाबून धरली, थुंकीने खूण केली, चिमट्याने दगडाची कपची काढली आणि चिकट दोरी सुईने आत ढकलली. तीन हजार कोलोन, साधारण पाचशे रुपये. त्याच्याकडे इंग्रजी नव्हतं, माझ्याकडे स्पॅनिश नव्हतं, अडलं काही नाही. त्याने बाकीच्या तीन चाकांची हवा बघितली, त्याचे पैसे घेतले नाहीत.

मोन्तेवेर्देचं जंगल ढगात भिजलेलं असतं, सुंदर आहे, आणि थंडी वाजते, स्वेटर न्या. मला तिथली माणसं जास्त आवडली. १९५१ मध्ये अमेरिकेतली काही क्वेकर या ख्रिस्ती पंथाची कुटुंबं इथे येऊन वसली. युद्धाला त्यांचा धर्माने विरोध, आणि या देशाने १९४८ मध्ये सैन्यच बरखास्त केलेलं. गाई पाळल्या, चीज करायला लागले, आणि पाण्याचे झरे टिकावेत म्हणून वरचं जंगल तोडलं नाही. आज जग बघायला येतं ते जंगल म्हणजे त्यांच्या गोठ्याची पाण्याची सोय होती.

मग डोंगर उतरून समुद्र. तार्कोलेस नदीच्या पुलावरून खाली बघायला सगळे थांबतात. चिखलात मगरी पडलेल्या असतात, मी मोजलेल्या एकोणीस. अशा जागी गाडीत सामान सोडून सगळ्यांनी उतरायचं नसतं, काचा फोडून बॅगा नेतात. आम्ही पाळीने उतरलो. हे गाडीत बसायला सगळ्यात आनंदाने तयार होते, मगरी त्यांना कर्जत यार्डापासून पुरेशा माहीत आहेत, असं म्हणाले. खुलासा केला नाही. पुढे पार्रिता ते केपोस रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी तेलाच्या पामच्या रांगा, किलोमीटरच्या किलोमीटर, सरळ, सावलीच्या. पूर्वी इथे केळी होती. रोगाने गेली, पाम आला. ज्यातून बिस्किटं होतात ते तेल.

समुद्रकाठच्या मानुएल आन्तोनिओ नॅशनल पार्कची तिकिटं फक्त ऑनलाइन, वेळ ठरवून, आणि मंगळवारी पार्क बंद. आम्ही मंगळवारी पोहोचणार होतो. हे आधी तपासलं कुणी? वन्संनी. म्हणून आधी तासभर पुढे किनाऱ्यावरच्या उव्हिता गावी गेलो आणि परतताना गुरुवारी पार्क पाहिला.

उव्हिताला ओहोटीला वाळूचा एक दांडा उघडा पडतो, वरून बघितलं तर हुबेहूब व्हेलची शेपटी. भरतीला तो पाण्याखाली. त्यामुळे वेळ सांभाळून जावं लागतं. वन्सं मूळच्या मालवणच्या आजीच्या हाताखाली वाढलेल्या, त्यांनी कॅलेंडर काढून तिथीवरून ओहोटी सांगितली. साफ चुकली. मुंबईची वेळ पॅसिफिकला कशी लागू पडेल? पण दुसऱ्या दिवशी ओहोटी पाऊण तासाने पुढे सरकणार, हे त्यांचं गणित बरोबर आलं. चंद्र तोच आहे, त्या म्हणाल्या, किनारा वेगळा. शेपटीच्या टोकापर्यंत चालत गेलो. दोन्ही बाजूंनी लाटा येऊन मध्ये भेटत होत्या. पाणी कोमट. हे पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उभे राहिले आणि बराच वेळ बोलले नाहीत. भरती लागायला लागली तसा मीच एक ठोका दिला, त्यांच्या खांद्यावर.

मानुएल आन्तोनिओच्या अलीकडे एक किलोमीटरपासून चमकती जाकिटं घातलेले लोक रस्त्यात उभे राहून हात दाखवतात, पार्किंग इथेच, पुढे बंद. पुढे बंद नसतं. पण गेटपाशी पार्किंगची चणचण असते हेही खरं. दोघातिघांना ओलांडून जा, मग भाव विचारा. शनिशिंगणापूरला फुलांची टोपली कशी टाळता, तसं.

गेटवर पिशव्या तपासतात. खायचं आत न्यायचं नाही, कारण पांढऱ्या तोंडाची माकडं पिशव्या पळवतात आणि माणसाचं खाणं त्यांना बाधतं. वन्संच्या पिशवीत रव्याचे लाडू निघाले, सहा. गार्डबाई म्हणाल्या, इथेच खा किंवा टाका. टाका हा शब्द वन्संनी भाषांतराशिवाय ओळखला. तिथेच बाकावर बसून आम्ही दोन-दोन लाडू खायचे ठरले. चार संपले. पाचवा वन्संनी गार्डबाईंना दिला. त्यांनी वास घेतला, अर्धा तोडून शेजारच्या गार्डला दिला, अर्धा खाल्ला, आणि बोटाने विचारलं, तो सहावा? आत स्लॉथ दिसले दोन, झाडाला टांगलेल्या ओल्या पोत्यासारखे. या देशाने २०२१ मध्ये स्लॉथला राष्ट्रीय प्रतीक केलं. त्यातला एक अर्ध्या तासात एक फांदी सरकला. ह्यांनी घड्याळ लावून बघितलं आणि म्हणाले, "मेगाब्लॉक."

परतीचा सत्तावीस नंबरचा टोल रस्ता चांगला आहे, सुटे कोलोन हाताशी ठेवा. गाडी परत करताना कंपनीचा माणूस, पहिल्यापेक्षा वेगळा, टॉर्च घेऊन गाडीभोवती फिरला. मागच्या बंपरच्या खाली एके ठिकाणी वाकला. बोटाने घासलं. पुन्हा घासलं. "नवा आहे," म्हणाला, "साडेतीनशे डॉलर." माझा जीव खालीवर झाला, कारण त्या खडीच्या रस्त्यावर कुठे काय लागलं ते मला तरी कुठे माहीत? वन्संनी पर्समधून फोन काढला, चष्मा लावला आणि पहिल्या दिवशीचा व्हिडिओ सुरू केला. एक मिनिट चाळीस सेकंद. वाकून काढलेला तो शेवटचा भाग. ओरखडा होता. तसाच, तिरका, टोकाला तुटका. त्याने व्हिडिओ पुन्हा बघितला, खांदे उडवले आणि हसून म्हणाला, "पुरा विदा." या वेळी तिसरा अर्थ.

डिपॉझिट तरी लगेच सुटलं नाही. ह्यूस्टनला असताना आठ दिवस रोज ॲप बघत होते, मुंबईत आल्यावरही बघत होते. दोनदा ईमेल केला, दोन्ही वेळा उत्तर आलं की आमच्याकडून सोडलंय, बँकेला विचारा. बँक म्हणाली, तिकडून आलेलं नाही. एकविसाव्या दिवशी दुपारी, मी पोळ्या लाटत असताना, फोन वाजला. पंधराशे डॉलर परत. पिठाच्या हाताने फोन ह्यांच्यासमोर धरला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून मेसेज वाचला, आणि जेवणाच्या टेबलावर दोन ठोके दिले.